आचार्य धर्मानंद कोसंबी : आधी कान, मग पान

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यायचे, असा आपला प्रघात आहे. यंदा आम्ही आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र देत आहोत. त्यांचे नाव आपल्याला नवीन नाही. त्यांचा ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडच्या कितीतरी घरांत बाबासाहेबांच्या ग्रंथाशेजारी ठेवलेला दिसतो. म्हणून नुसती जन्मतारीख, ग्रंथांची नावे आणि मृत्यूची तारीख छापून आम्हाला थांबायचे नाही. आम्हाला एकच गोष्ट जरा खोलात जाऊन बघायची आहे. गोव्याच्या एका खेड्यातला, धड शाळाही न झालेला हा तरुण पाली शिकला कसा? ज्या देशाची भाषा येत नाही अशा देशात जाऊन, परक्या लिपीतून, परक्या लोकांमध्ये बसून शिकला कसा? आपल्या विहाराचा पालीचा वर्ग सध्या नेमका इथेच अडलेला आहे, म्हणून हा प्रश्न.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ या गावी झाला. घर सारस्वत ब्राह्मणाचे, नारळीच्या बागायतीवर चालणारे. घरात बोलायची ती कोकणी, गावच्या शाळेत शिकायची ती मराठी आणि सरकारदरबारी चालायची ती पोर्तुगीज. म्हणजे पुस्तक उघडायच्या आधीच या मुलाच्या कानाला एकाहून अधिक भाषांची सवय. शाळा मात्र लवकरच संपली. इंग्रजी शिक्षण मिळाले नाही. १८९१ मध्ये बाळाबाईंशी लग्न झाले, बागायतीचा भार अंगावर आला. वाचनाचा नाद तेवढा सुटला नाही. तुकोबांचे अभंग तोंडपाठ होऊ लागले आणि १८९७ च्या सुमारास ‘बालबोध’ मासिकातले बुद्धचरित्र वाचनात आले. तिथून पुढे या माणसाला दुसरे काही सुचेना. बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा, त्यासाठी आधी संस्कृत शिकायची, असे ठरवून १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे तरुण बायको आणि तान्ही मुलगी. हे चरित्रकार एका ओळीत उरकतात. बाळाबाईंनी ती वर्षे कशी काढली असतील, याचा विचार आपल्या उपासिकांच्या मनात येईल, आणि तो यावाच.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आश्रय मिळाला. तिथून ग्वाल्हेर आणि मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्रीबुवांकडे व्याकरणाची संथा घ्यायची, असा क्रम चालला. संथा हा शब्द आता मागे पडत चालला आहे, म्हणून सांगतो. गुरूने एक चरण म्हणायचा, शिष्याने तो जसाच्या तसा दोनदा म्हणायचा, चुकला तर पुन्हा. पुस्तक हातात असले तरी डोळा गुरूच्या तोंडाकडे आणि कान त्याच्या आवाजाकडे. धर्मानंदांच्या शिक्षणाचा पाया हा असा घातला गेला.

इथे थोडे थांबले पाहिजे. ही संथा कोणाला मिळत होती? धर्मानंद ब्राह्मण होते म्हणून त्यांना मिळाली. आपल्या वाडवडिलांना ती मिळाली नसती. गौतम धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापलेला रस ओतण्याची शिक्षा सांगितली आहे. बघा, शिक्षा डोळ्याला नाही, हाताला नाही, कानाला आहे! विद्या कानातून आत शिरते हे त्या शास्त्रकारांना पक्के ठाऊक होते, म्हणून त्यांनी दार तिथेच बंद केले. खुद्द बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिली नाही, फारसी घ्यावी लागली. याच्या उलट तथागतांची रीत. विनयपिटकात कथा आहे. ब्राह्मण कुळातल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदात, म्हणजे वेदाच्या वळणावर बांधण्याची परवानगी मागितली. तथागतांनी ती नाकारली आणि बुद्धवचन आपापल्या बोलीत शिकावे, अशी मुभा दिली. दार उघडले ते सगळ्यांच्याच कानांसाठी.

पालीत विद्वान माणसाला ‘बहुस्सुत’ म्हणतात. आपल्या मराठीतला ‘बहुश्रुत’ तो हाच. आज आपण पुष्कळ वाचलेल्या माणसाला बहुश्रुत म्हणतो, पण शब्दाचा मूळ अर्थ पुष्कळ ऐकलेला. भिक्खूंमध्ये बहुस्सुत म्हणून आनंद स्थविरांचा मान पहिला. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत त्यांनी सुत्ते म्हणून दाखवली ती स्मरणातून, आणि म्हणून बहुतेक सुत्तांच्या आरंभी हे मी असे ऐकले आहे, अशी ग्वाही असते. पुढे दीघनिकाय म्हणणारे वेगळे, मज्झिमनिकाय म्हणणारे वेगळे, असे भाणकांचे वर्ग झाले. तिपिटक ताडपत्रावर उतरले ते इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, सिंहलद्वीपात, वट्टगामणी राजाच्या काळी. त्याआधीची चार शतके हा सारा ठेवा कानातून तोंडात आणि तोंडातून कानात असा चालत आला. सम्राट अशोकानेही बैराटच्या लेखात सात धम्मग्रंथांची नावे देऊन भिक्खू-भिक्खुणी आणि उपासक-उपासिकांनी ते पुन्हा पुन्हा ऐकावेत आणि मनात घोळवावेत, अशी इच्छा व्यक्त केली आहे. वाचावेत असे तो म्हणत नाही.

आता पुन्हा धर्मानंदांकडे वळू. काशीहून ते नेपाळला गेले. तिथे बौद्ध धर्म सापडेल अशी आशा होती, पण निराशा झाली. बुद्धगयेला आल्यावर कळले की मूळ ग्रंथ शिकायचे तर सिंहलद्वीपाशिवाय गती नाही. खिशात पैसा नाही, इंग्रजी नाही, सिंहली तर नाहीच. तरी कलकत्त्याहून निघून हा माणूस १९०२ मध्ये कोलंबोला पोहोचला आणि विद्योदय परिवेणात दाखल झाला. हे विद्यालय १८७३ साली हिक्कडुवे श्रीसुमंगल महास्थविरांनी काढलेले. धर्मानंद आले तेव्हा सुमंगलांनी पंचाहत्तरी गाठलेली, आणि पाली-संस्कृतातला त्यांचा अधिकार युरोपातले पंडितही मानत. त्यांच्याच हाताखाली धर्मानंद श्रामणेर झाले.

विचार करा. आजूबाजूला चालते ती सिंहली. ग्रंथ पालीत, पण लिपी सिंहली. दुवा काय तो संस्कृतचा, आणि तोसुद्धा विद्वान भिक्खूंपुरताच. स्वयंपाकघरात, रस्त्यावर, भिक्षेच्या वेळी संस्कृत काय कामाची? अशा वेळी माणसाला दुसरा उपायच राहत नाही. गप्प बसून ऐकायचे. सकाळ-संध्याकाळची वंदना, उपोसथाच्या दिवशीची धम्मदेसना, आणि सिंहलद्वीपातले ते परित्तपाठ, जे प्रसंगी रात्र-रात्र चालतात. तीच सुत्ते, तीच चाल, पुन्हा पुन्हा. परिवेणातली शिकवणीही पाठांतराचीच. आपल्याकडे याला पोपटपंची म्हणून हिणवण्याची फॅशन आहे. आम्हाला ते पटत नाही. पोपट अर्थापर्यंत जात नाही हे खरे. पण ज्याला अर्थापर्यंत जायचे आहे त्याच्या कानात आधी आवाज बसलेला असला, तर अर्थ कळल्यावर त्याला ठेवायला जागा तयार असते. धर्मानंदांनी काही थोड्या महिन्यांत पालीत जी गती मिळवली तिचे श्रेय लोक त्यांच्या संस्कृतला देतात. ते काही अंशी बरोबर आहे. शब्द ओळखीचे वाटतात, विभक्ती कळतात. पण संस्कृत येणाऱ्याला पालीत एक खोड लागते. त्याचा कान ‘धम्म’ ऐकतो आणि मन त्याचा ‘धर्म’ करून घेते. ‘निब्बान’ ऐकले की ‘निर्वाण’. तो पाली ऐकतच नाही, पालीतून संस्कृत ऐकतो. पुण्या-काशीला बसून पुस्तकावरून पाली शिकलेल्यांचे असे पुष्कळदा होते. धर्मानंद तिच्या नांदत्या घरात जाऊन राहिले, म्हणून त्यांची पाली पाली राहिली.

पण कानाची खरी परीक्षा पुढेच होती. सिंहलद्वीपातून मद्रासमार्गे ते ब्रह्मदेशात गेले. तिथे तेच तिपिटक, तीच त्रिसरणे, तीच शीले. लिपी मात्र ब्रह्मी आणि उच्चार पार वेगळे. ब्रह्मी माणसाच्या तोंडी पालीतल्या ‘स’चा जिभेचे टोक दातांना लावून उच्चारलेला ‘थ’सारखा ध्वनी होतो. ‘च’चा ‘स’ होतो, ‘ज’चा ‘झ’कडे झुकणारा आवाज होतो. आपल्या ओठांवर रोज असणारा ‘सरणं’ हा शब्द तिथे ‘थरणं’च्या जवळपास ऐकू येतो. सिंहली भिक्खू ‘बुद्धं’मधला अनुस्वार नाकात, ‘ङ’सारखा उच्चारतो, आपण ओठ मिटून ‘बुद्धम्’ म्हणतो. कोलंबोत तयार झालेला कान रंगून-मंडालेकडे गेल्यावर पहिले काही दिवस गांगरणारच. छापील अक्षर याबाबतीत काहीच मदत करत नाही, कारण अक्षर तेच. मदत करतो तो पुन्हा कानच. आणि तरीही सिंहली भिक्खू, ब्रह्मी भिक्खू आणि आपला हा गोव्याचा माणूस यांना एकमेकांशी धम्माविषयी बोलायला समाईक भाषा होती ती पालीच. मृत म्हणून जिची गणना होते ती भाषा तिथे व्यवहारात चालू होती.

सगाईंच्या डोंगरातल्या गुहेत धर्मानंदांनी ध्यानाचा अभ्यास केला. सोबत ज्ञानतिलोक नावाचे जर्मन भिक्खू होते. हे गृहस्थाश्रमात व्हायोलिन वाजवणारे, संगीत शिकलेले. पुढे ते युरोपातले पालीचे मोठे जाणकार झाले. एक नारळीच्या बागेतून आलेला, दुसरा व्हायोलिन ठेवून आलेला, आणि दोघे ब्रह्मी गुरूसमोर बसलेले. या जोडीचा आम्हाला फार कुतूहलपूर्वक विचार करावासा वाटतो.

आता आमच्या वर्गाची अडचण सांगतो. आपल्या विहारात रविवारी पाली शिकायला येणारी मुले हुशार आहेत. शाळा-कॉलेजात काहींनी पाली घेतलेली आहे. विभक्तीचे तक्ते पाठ, भाषांतर पाठ, गुणही चांगले. पण एखादे सुत्त नुसते म्हणून दाखवले, तर पुस्तक उघडल्याशिवाय त्यांना एक शब्द लागत नाही. उलट आपल्या काही वयस्क उपासिका आहेत. कोणी मराठवाड्यातून आलेल्या, कोणी खानदेशातून, कोणी कोकणातून. शाळेत गेलेल्या नाहीत. चाळीतल्या विहारात पौर्णिमेला बसून-बसून त्यांनी सगळी वंदना, महामंगलसुत्त, करणीयमेत्तसुत्त ऐकून पाठ केले. त्यांच्या हातात पुस्तिका दिली तर त्या ती उलटीसुद्धा धरतील, पण म्हणताना अक्षर खाणार नाहीत. आणि आपली मुले काय करतात? भर वंदनेत त्यांच्या ‘ण’ला हसतात. ‘सरनं’ म्हणाली म्हणून आजी मागे सरकून बसते आणि पुढच्या वेळी तोंडातल्या तोंडात म्हणते. हे आम्हाला बघवत नाही.

कारण पुस्तिका वाचणाऱ्या मुलांचे उच्चार तपासले तर काय दिसते? मराठीत बोलताना आपण शब्दाच्या मधला ‘अ’ गिळतो. लिहितो ‘करवत’, म्हणतो ‘कर्वत’. तीच सवय पालीत शिरते. ‘भगवतो’चे ‘भग्वतो’ होते, ‘अरहतो’चे ‘अर्हतो’ आणि ‘वेरमणी’चे ‘वेर्मणी’. पालीत ही सगळी अक्षरे पूर्ण म्हणायची असतात. ‘पञ्ञा’ या शब्दाची तर दैनाच. ‘ञ’ हे अक्षर मराठी माणसाच्या रोजच्या उपयोगात नाही. त्यामुळे कोणी ‘पन्ना’ म्हणतो, कोणी ‘पद्न्या’. पुस्तिकेत अक्षर बरोबर छापलेले आहे, पण अक्षर बोलत नाही ना! आजीचा एक ‘ण’ सोडला तर बाकी मात्रा तिच्याच बरोबर निघतात, कारण तिने त्या कोणा भन्तेजींच्या तोंडून घेतल्या आहेत.

यात गूढ काही नाही. शास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला आहे. १९८४ मध्ये कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना दोन्हींतला फरक कळत होता. वर्षाच्या आसपास आल्यावर तो कळेनासा झाला, कारण तोवर कान घरातल्या भाषेपुरता घडून गेला होता. म्हणून गोऱ्या माणसाला आपला ‘त’ आणि ‘ट’ सारखाच वाटतो. मग मोठ्यांनी आशा सोडायची का? तसेही नाही. १९९१ मध्ये अमेरिकेत जपानी माणसांना इंग्रजीतला ‘र’ आणि ‘ल’ वेगळा ओळखायला शिकवण्याचा प्रयोग झाला. एकाच माणसाचा नव्हे तर अनेक माणसांचा आवाज ऐकवल्यावर त्यांच्यात सुधारणा दिसली. कोलंबोच्या परिवेणात आणि ब्रह्मदेशातल्या विहारांत धर्मानंदांना नाना वयांचे, नाना देशांचे आवाज ऐकायला मिळाले, ते याच दृष्टीने मोलाचे. कल्याण-कर्जत लोकलमध्ये रोज उभे राहून जाणारा आपला माणूस दोन वर्षांत कामापुरती गुजराती, सिंधी समजू लागतो, तोही असाच. त्याने कुठे क्लास लावलेला असतो?

१९०६ च्या सुमारास धर्मानंद कलकत्त्यात पाली शिकवू लागले. पण आपण जे शिकलो ते आपल्या मराठी माणसांना मिळाले पाहिजे, ही तळमळ होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रात राहण्याच्या अटीवर दरमहा ५० रुपये देऊ केले आणि धर्मानंद विद्यापीठाची नोकरी सोडून इकडे आले. बडोद्यात त्यांनी दिलेल्या व्याख्यानांतून १९१० मध्ये ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे छोटे पुस्तक झाले. ते मोठ्याने वाचून बघा. वाक्ये लहान आहेत, श्वास पुरतो, ऐकणाऱ्याला मागे वळावे लागत नाही. बोलून दाखवण्यासाठी तयार झालेला मजकूर आहे, हे लगेच कळते. विद्वानांनी तेव्हा इंग्रजीत लिहिले असते. त्यांनी मराठीत लिहिले, आणि तेही गिरणीत जाणाऱ्याला समजेल अशा मराठीत.

हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी ओळख झाली आणि १९१० मध्ये धर्मानंद अमेरिकेला गेले. काम होते बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करण्याचे. हेन्री क्लार्क वॉरेन यांनी ते सुरू केले होते, पण १८९९ मध्ये ते वारले आणि काम पडून राहिले. समोर सिंहली आणि ब्रह्मी लिपीतल्या पोथ्या. दोन पोथ्यांत दोन पाठ असले तर खरा कुठला? अर्थ, व्याकरण हे सगळे बघावेच लागते. पण गाथा असेल तर आणखी एक कसोटी आहे. ज्याच्या कानात गाथेची चाल मुरलेली आहे त्याला एक मात्रा कमी-जास्त झाली तरी खटकते, जसे भजनात टाळ चुकला की म्हाताऱ्या भजनकऱ्याची मान आपोआप वळते. वॉरेन यांनी पाली शिकली ती अमेरिकेत, ग्रंथांवरून, आणि केलेले काम थोरच आहे. त्याला जोड मिळाली ती परिवेणात बसून आलेल्या माणसाची. प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मात्र त्यांचे जमले नाही. श्रेयाचा वाद झाला आणि काम लांबत गेले. धर्मानंद त्यासाठी पुन्हा पुन्हा अमेरिकेला गेले. तो ग्रंथ हार्वर्डच्या ग्रंथमालेत निघाला १९५० मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात. त्यांनी स्वतः देवनागरीत तयार केलेली प्रत मात्र मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने १९४० मध्येच छापली.

१९१२ ते १९१८ ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. पु. वि. बापट, चिं. वै. राजवाडे ही माणसे त्यांच्या हाताखाली तयार झाली. त्या काळीही पुण्याची गाडी कल्याणवरूनच जायची, तेव्हा आपल्या या स्टेशनातून ते कितीदा गेले असतील, देव जाणे! कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे व्यापारी आहेत, आणि ते लेख ज्या प्राकृतात आहेत ती पालीची बहीणच. म्हणजे ज्या भाषेच्या शोधात हा माणूस समुद्र ओलांडून गेला, तिचीच भावंडे एके काळी या खाडीकाठच्या बाजारात बोलली जात होती.

१९१८ मध्ये पुन्हा अमेरिकेला जाताना त्यांनी मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना सोबत नेले. दामोदर तेव्हा ११ वर्षांचा. तिथल्या शाळेत घातल्यावर त्याने अमेरिकन पोरांची इंग्रजी उचलली आणि ती जन्मभर टिकली. हाच पुढचा थोर गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी, जो पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला कामाला जायचा. वडिलांचे वय तेव्हा ४२. त्यांना इंग्रजी मुलाइतकी सहज आली नसणार, हे उघड आहे. पण कामाला लागेल तेवढी त्यांनी कमावली, तीही इंग्रजी शाळेची पायरी न चढता.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९२२ नंतर काही काळ अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ. १९२४ मध्ये ‘निवेदन’ हे आत्मचरित्र. १९२९ मध्ये रशियात लेनिनग्राडला, तिथल्या बौद्ध विद्येच्या संस्थेत. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग आणि तुरुंगवास. १९३७ च्या सुमारास मुंबईत परळला गिरणी कामगारांच्या वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभा केला. हार्वर्ड बघून आलेला पंडित विहार काढायला परळच्या चाळींत जातो, याचे महत्त्व आम्हाला हार्वर्डपेक्षा जास्त वाटते. १९४० च्या सुमारास ‘भगवान बुद्ध’ प्रसिद्ध झाले. सिद्धार्थाने घर सोडले ते म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे, तर शाक्य-कोलियांच्या भांडणाला कंटाळून, हा विचार मराठी वाचकाला त्यांनी दिला. बाबासाहेबांच्या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आपण वाचतोच.

शेवटी प्रकृती थकली. अन्न सोडून देहत्याग करण्याचे त्यांनी ठरवले आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांचे निधन झाले.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला बाबासाहेबांनी पूज्य चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिसरण-पंचशील घेतले आणि मग समोरच्या लाखोंना दिले. त्या लाखोंपैकी पाली आधी किती जणांनी ऐकली असेल? हातात पुस्तिका कुठली? बाबासाहेब म्हणत गेले, लोक मागून म्हणत गेले. तीच संथा, पण या वेळी ज्यांचे कान शतकानुशतके बंद ठेवले होते त्यांना. आपल्या आजीबाईंनी वंदना शिकली ती याच रीतीने, त्या दिवशी तिथे असलेल्यांकडून आणि त्यांच्याकडून शिकलेल्यांकडून.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा दिला. आनंद आहे. अनुदान येईल, पदव्या निघतील, पुस्तके छापली जातील. मोबाईलवर तर आज सिंहली, ब्रह्मी, थाई भिक्खूंचा परित्तपाठ वाटेल तेव्हा ऐकता येतो. धर्मानंदांना ज्यासाठी समुद्र ओलांडावा लागला ते डोंबिवलीच्या फास्ट लोकलमध्ये कानात घालता येते. मुलांना आम्ही तेच सांगतो, पण ती ऐकताना दुसरेही काहीतरी बघत असतात, आणि असे ऐकणे म्हणजे पावसाचा आवाज ऐकण्यासारखे.

तेव्हा वर्गाच्या शिक्षकांशी बोलून असे ठरवले आहे. येत्या वर्षावासात रविवारच्या वर्गात पहिले चार रविवार पुस्तिका वाटायची नाही. पहिला अर्धा तास दोन वयस्क उपासिका आणि जे भन्तेजी त्या दिवशी असतील ते एक सुत्त म्हणतील आणि मुलांनी फक्त ऐकायचे, म्हणायचेसुद्धा नाही. पाचव्या रविवारी मुलांनी म्हणायचे. अर्थ त्यानंतर, आणि पुस्तिका अगदी शेवटी. एका आजींना आम्ही हे विचारायला गेलो, तर त्या आधी नको म्हणाल्या, मुले हसतात म्हणून. मग नातवाने समजूत काढली. वर्ग सकाळी साडेआठला सुरू होईल. ज्यांना यायचे त्यांनी वेळेवर यावे, कारण मधे दार वाजले की ऐकण्यात खंड पडतो.